चेन नसलेली गाडी आणि लेखकाचीच कात्री

आधीच सांगतो, मी गॅरेजवाला आहे. साताऱ्यात सव्वीस वर्षं दुचाक्या खोलतोय, आणि दुपारी गिऱ्हाईक नसलं की वाचतो. तेव्हा पुढचं सगळं एक डोळा इंजिनवर ठेवून लिहिलंय असं समजा.

नेटफ्लिक्सवर ‘हार्ट ऑफ द हंटर’ नावाचा दक्षिण आफ्रिकेचा सिनेमा मार्च २०२४ पासून आहे. “काका, मारामारी भारी आहे,” म्हणून पुतण्याने लावून दिला. पटकथेच्या नावांत डिऑन मेयर दिसला आणि मी पाय खाली घेऊन सरळ बसलो. आपल्याच कादंबरीची पटकथा त्याने विलेम ग्रोब्लरबरोबर लिहिलीय.

मेयर आफ्रिकान्समध्ये, म्हणजे डचमधून निघालेल्या तिकडच्या भाषेत लिहितो. ही कादंबरी तिकडे २००२ साली ‘प्रोटिअस’ नावाने आली. मी वाचलाय तो के. एल. सीगर्स यांचा इंग्रजी अनुवाद, तोही दोनदा. नायक थोबेला म्पाइपेली, तिकडच्या खोसा जमातीतला धिप्पाड माणूस. वर्णद्वेषी सरकारविरुद्धच्या लढ्यातला, आणि शीतयुद्धाच्या काळात पूर्व जर्मनीवाल्यांनी मारेकरी म्हणून घडवलेला. आता केपटाऊनच्या गुगुलेटू वस्तीत मिरियम आणि तिच्या लहान मुलाबरोबर राहतो, मोटरसायकलच्या शोरूममध्ये सटरफटर कामं करतो. जॉनी क्लाइंकीस या जुन्या मित्राला झांबियाची राजधानी लुसाका इथे कोणीतरी धरून ठेवलंय, हातात बहात्तर तास. विमानतळावर डाव फसतो. मग हा शोरूममधली बीएमडब्ल्यू आर ११५० जीएस उचलतो आणि उत्तरेकडे सुटतो. मागे सगळं सरकार.

आता त्या गाडीबद्दल चार ओळी लिहू द्या, नाहीतर मला झोप यायची नाही. दोन सिलिंडर दोन्ही बाजूंना कान पसरल्यासारखे बाहेर. चेनच नाही, मागच्या चाकाला शाफ्ट, म्हणजे फिरता दांडा. म्हणजे तेल घाला, चेन ताणा ही आमची रोजची कटकट त्यात नाही. ब्रेक दाबला तर पुढचा भाग आपल्या गाड्यांसारखा नाक खाली घालत नाही. टाकीत बावीस लिटर आणि वजन अडीचशे किलोच्या आसपास. एवढं धूड पहिल्यांदाच लांब पल्ल्याला घेऊन निघालेल्या माणसाच्या खांद्यात काय होतं, पाऊस आणि वारा लागल्यावर हात कसे आखडतात, हे मेयर असं लिहितो की हा स्वतः चालवणारा आहे हे पानापानावर कळतं. आणि आहेच तो जीएसवेडा. कारू या कोरड्या प्रदेशातल्या मोकळ्या माळावरच्या रस्त्यात थोबेला स्वतःशी भांडत असतो: मी माणूस बदललोय, की नुसता दमलोय? कादंबरी खरं म्हणजे तिथे आहे.

सिनेमात हा प्रवास गोष्टीचा एक तुकडा होऊन राहतो. थोबेलाचा झुको खुमालो झाला, जॉनी क्लाइंकीसचा जॉनी क्लाइन. हेरखात्याची प्रमुख पुस्तकात यानिना मेंट्झ, इथे कॉनी फर्ग्युसनने केलेली मो. मूळ कटाच्या जागी राष्ट्राध्यक्षपदावर डोळा ठेवून बसलेला उपराष्ट्राध्यक्ष आला. पहिल्यांदा बघताना मी वैतागलो. मग दुसऱ्या दिवशी कार्ब्युरेटर साफ करताना डोक्यात आलं, १९८० च्या दशकात तयार झालेला मारेकरी २०२४ मध्ये साठी ओलांडलेला असणार. तो सिनेमातल्यासारखा भाला घेऊन उड्या कसा मारणार? काळ आजचा धरला की शीतयुद्ध गेलं, आणि ते गेलं की थोबेलाचं अर्धं पोट रिकामं झालं. कात्री नाइलाजाची होती, पण जागा भरायला जे घातलंय ते कुठल्याही देशाच्या सिनेमात चालून जाईल असं आहे. माझी तक्रार एवढीच.

आणि मेयर पटकथेत नवखा नाही. ‘याकाल्सदान्स’ (२०१०) त्याने लिहिला, ‘दी लास्टे टँगो’ (२०१३) लिहून दिग्दर्शितही केला. दोन्ही कारूतल्या लॉक्स्टन या चिमुकल्या गावातले. आपल्याकडे जयवंत दळवींनी आपल्याच ‘अंधाराच्या पारंब्या’ कादंबरीवरून ‘बॅरिस्टर’ नाटक लिहिलं, तेव्हा गोष्टीतला वाडा तसाच राहिला. इथे वाडाच, म्हणजे रस्ताच, आखूड झाला.

एका बाबतीत मात्र सिनेमा पुस्तकाच्या पुढे आहे. पुस्तकातला खोसा माणूस मुळात आफ्रिकान्समध्ये विचार करतो, माझ्यापर्यंत येईतो इंग्रजीत. पडद्यावरची माणसं इंग्रजी बोलताबोलता मध्येच आपल्या बोलीत शिरतात, आणि घरातलं बोलणं घरातलं वाटतं. झुको झालेला बोन्को खोझा कमी बोलून जास्त सांगतो. दिग्दर्शक मांडला दुबेने मारामारी स्वच्छ घेतलीय. कोण कुणाला मारतंय ते दिसतं, हल्ली हेही कौतुकाचं.

बायकोचं मत: मध्ये थोडा वेळ पोळ्या लाटून आलं तरी काही चुकत नाही.

पावणेदोन तास आहेत, रविवारी दुपारी बघायला हरकत नाही. गाडीसाठी बघणार असाल तर आधी पुस्तक शोधा. माझी प्रत वाचनालयाची आहे, परत करायची तारीख उलटून आठ दिवस झाले. सध्या ती पुतण्याकडे आहे आणि गडी अजून विमानतळावरच अडकलाय.