साखर आटोक्यात आली, तहान मात्र नाही : मांजराच्या ग्लुकोमीटरचा दहा महिन्यांचा अनुभव

गेल्या दहा महिन्यांत आमच्या बोक्याच्या कानाला मी साधारण नऊशे वेळा टोचले आहे. घरच्या घरी मांजराची साखर मोजण्याच्या यंत्राबद्दल लिहिण्याइतका अधिकार एवढ्यावर आला असे मानून हा अनुभव मांडत आहे. यंत्र म्हणजे प्राण्यांसाठी बनवलेला ग्लुकोमीटर. त्याच्या जोडीला ग्लार्जिन इन्सुलिन, अर्ध्या युनिटच्या खुणा असलेल्या सिरिंजा, काही काळ अंगावर चिकटवलेला सेन्सर आणि पुढे आणलेला स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा, असा हा सगळा संसार आहे. यांतल्या सर्वांत साध्या वस्तूने सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगितली, आणि ती साखरेबद्दलची नव्हती.

बंड्या अकरा वर्षांचा, नसबंदी झालेला आणि एके काळी ६.३ किलो वजनाचा बोका आहे. मधुमेह ज्यांना गाठतो त्या मांजरांचे वर्णन पशुवैद्यकांनी केले तेव्हा आपल्याच घरच्या फोटोचे वर्णन ऐकतो आहोत असे वाटले : मध्यमवय उलटलेला, लठ्ठ, दिवसभर घरातच असणारा नर. तो खूप खाऊनही वाळत चालला होता, पाण्याच्या वाटीवरून हलत नव्हता आणि लिटर बॉक्समधले गोळे दुप्पट मोठे झाले होते. मागचे पाय टाचेपर्यंत जमिनीला टेकवून तो चालू लागला तेव्हा मी ते म्हातारपणावर घातले होते. साखरेने मज्जातंतूंवर झालेल्या परिणामाचे ते लक्षण होते. दवाखान्यात साखर ४१२ आली. मांजरांची साखर नुसत्या भीतीनेही पुष्कळ चढते, म्हणून त्या एका आकड्यावर न विसंबता फ्रुक्टोसामीनची तपासणी झाली. मागच्या साधारण दोन आठवड्यांत साखर कशी होती हे त्यातून कळते, आणि तेही वाढलेलेच निघाले.

याच भीतीमुळे घरी मोजण्याला पर्याय नाही, असे माझे ठाम मत झाले आहे. दवाखान्यात पिंजऱ्यात बसवून दिवसभर घेतलेल्या आकड्यांवरून इन्सुलिनची मात्रा ठरवणे म्हणजे परीक्षेच्या हॉलमध्ये माणसाचा रक्तदाब मोजण्यासारखे आहे. कान टोचायला शिकणे मात्र सोपे नव्हते. पहिल्या आठवड्यात थेंब घ्यायच्या मीटरच्या निम्म्याहून अधिक पट्ट्या वाया गेल्या. कधी थेंबच येत नसे, कधी येई तो केसांत पसरून जाई. कोमट पाण्यात पिळलेल्या कापडाने कान शेकायचा, पाळीच्या कडेच्या बारीक शिरेलगत टोचायचे, मागे कापसाचा बोळा धरायचा आणि टोचण्याआधी कडेला व्हॅसलीनचा पुसटसा हात फिरवायचा म्हणजे थेंब गोल राहतो, हे जमायला तीन आठवडे गेले. नंतर लगेच खाऊ. आता तो खाऊच्या डब्याच्या आवाजाने येतो आणि कान मात्र पूर्वीसारखाच मागे पाडतो.

माणसांचा ग्लुकोमीटर चालेल का, हा प्रश्न मलाही पडला होता आणि घरात तो होताही. एकाच थेंबावर दोन्ही मीटर लावून पाहिले तेव्हा प्राण्यांच्या मीटरने १४८ आणि माणसांच्या मीटरने ११२ दाखवले. कारण असे, की माणसाच्या रक्तातली बरीच साखर तांबड्या पेशींमध्ये असते, मांजराच्या रक्तात ती जवळजवळ सगळी बाहेरच्या द्रवात असते, आणि माणसांचे मीटर माणसांचा हिशेब गृहीत धरतात. कमी दाखवणाऱ्या मीटरने काम अजिबात होत नाही असे नाही. एकच मीटर कायम वापरला आणि डॉक्टरांना ते माहीत असले तर चढ-उतार त्यातूनही कळतात. अडचण होते ती मध्येच मीटर बदलल्यावर. माझ्या मीटरमध्ये मांजर की कुत्रा हे आधी निवडावे लागते. पट्टीला अगदी टाचणीच्या टोकाएवढे रक्त पुरते. पट्टीवर रक्त कमी पडले तर काही मीटर सरळ नकार देतात, तर काही चुकीचा आकडा दाखवून मोकळे होतात. माझा पहिल्या जातीचा आहे, ही त्याची मोठी जमेची बाजू.

सिरिंजांबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. मांजरांना दिले जाणारे इन्सुलिन मुख्यतः दोन तीव्रतांचे असते : एका मिलिलीटरमध्ये १०० युनिट किंवा ४० युनिट. आमचे ग्लार्जिन पहिल्या प्रकारचे. मांजरांसाठीचे पीझेडआय आणि लेंटे ही दुसऱ्या प्रकारची. प्रत्येकाची सिरिंज वेगळी असते. ४० च्या सिरिंजने १०० चे इन्सुलिन ‘एक युनिट’च्या खुणेपर्यंत ओढले तर प्रत्यक्षात अडीच युनिटे जातात, आणि पाच किलोच्या जिवाला तेवढी चूक पुरते. आम्हाला पहिल्या खेपेस नेमकी हीच चुकीची जोडी हातात देण्यात आली होती. खोक्यावरचा आकडा वाचायची सवय होती म्हणून ती लक्षात आली. सुरुवात दर बारा तासांनी एका युनिटने झाली आणि सहा आठवड्यांत आम्ही दोन युनिटांवर आलो. कोरडे खाद्य पूर्ण बंद करून कमी कर्बोदकांचे ओले खाद्य सुरू केले. निदानानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत साखर नीट आवरली तर काही मांजरांचे इन्सुलिन पूर्ण सुटते, असे सांगितले गेले होते. आमचे सुटले नाही. यंत्राचा त्यात दोष नाही.

सेन्सरबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही. माणसांसाठीचा चौदा दिवसांचा सेन्सर खांद्यांमधले केस काढून दोनदा लावला. एकदा तो सहाव्या दिवशी निघाला, एकदा नवव्या. तो रक्त नव्हे, त्वचेखालच्या द्रवातली साखर मोजतो, त्यामुळे साखर वेगाने बदलत असताना मीटरच्या मागे पडतो. बंड्या त्याच्यावर रेलून झोपला की आकडा उगीचच खाली जाई. तरीही पहाटे तीन वाजता साखर किती उतरते हे त्याच्यामुळेच पहिल्यांदा समजले. नेहमीसाठी नको, मात्रा बदलताना पंधरवडाभर लावावा.

चौथ्या महिन्यात आकडे देखणे झाले. दिवसभराचा आलेख ११० ते २२० च्या दरम्यान, वजन ४.९ वरून ५.४ किलो, चाल बरीच सुधारलेली. मी खूश होते, दवाखान्यातही सगळे खूश होते, आणि पाण्याची वाटी मात्र तशीच रिकामी होत होती. मांजराचे मूत्रपिंड साधारण २५० ते २९० पर्यंतची साखर अडवून धरते. त्यापलीकडे गेलेली साखर लघवीत उतरते आणि स्वतःबरोबर पाणी ओढून नेते, म्हणून मधुमेही मांजर पाणी पीत राहते. साखर दिवसभर या रेषेच्या खाली असेल, तर तहानेचे हे कारण उरत नाही. शिवाय ओल्या खाद्यात तीन-चतुर्थांशाहून अधिक पाणीच असते, त्यावर जगणारे मांजर वाटीकडे फारसे फिरकत नाही. तेव्हा वजनकाटा आणला. वाटी सकाळी भरून वजन करायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा करायची, आणि तेवढ्याच पाण्याची दुसरी वाटी उंच कपाटावर ठेवून हवेत किती उडते ते वजा करायचे. घरात हसण्यावारी नेण्यात आलेल्या या उद्योगातून दहा दिवसांची सरासरी निघाली २४० मिलिलीटर.

हा कागद घेऊन गेल्यावर पुढचे सगळे बदलले. लघवीत साखर नव्हती, पण तिची घनता १.०१८ होती, निरोगी मांजराची साधारणपणे १.०३५ च्या वर असते. मूत्रपिंडांचे काम मंदावले की रक्तात साठणारे दोन घटक, क्रिएटिनिन २.१ आणि एसडीएमए १९, दोन्ही तीन आठवड्यांनी पुन्हा तपासले तरी तसेच. लघवीतल्या प्रथिनांचे क्रिएटिनिनशी प्रमाण ०.३, म्हणजे सीमारेषेवर. रक्तदाब १५०. मधुमेही मांजरांना मूत्रमार्गाचा संसर्ग सहज होतो आणि तोही मूत्रपिंडाला भोवतो, म्हणून लघवीचे कल्चर, म्हणजे तिच्यात जंतू वाढतात का ही तपासणी, केले. त्यात काही उगवले नाही. मूत्रपिंडाच्या आजारासाठी वापरल्या जाणाऱ्या आयरिस वर्गीकरणात क्रिएटिनिन १.६ ते २.८ हा दुसरा टप्पा आहे. बंड्या तिथे आहे.

जुने कागद उलटून पाहिले तेव्हा निदानाच्या दिवशीचे क्रिएटिनिन १.७ दिसले. प्रयोगशाळेच्या छापील मर्यादेत ते बसत होते, म्हणून त्याच्यापुढे कोणतीही खूण नव्हती. त्या वेळी तो वाळलेला होता, आणि स्नायू झडले की क्रिएटिनिन कमीच येते. लघवी पातळ होती तर तिचे खापर साखरेवर फोडायला साखर समोर हजर होती. एका आजाराने दुसऱ्याला असे पाठीशी घातले होते. ग्लुकोमीटर याबाबत काही सांगू शकत नाही, आणि माझी चूक अशी, की आकडे हिरव्या पट्ट्यात आल्यावर तो सगळेच सांगतो आहे असे मी धरून चालले.

मूत्रपिंडाचे कळल्यापासून मीटरचे काम उलट वाढले. इन्सुलिनचा काही भाग शरीराबाहेर घालवण्याचे काम मूत्रपिंडे करतात. ती मंदावली की तीच मात्रा अधिक वेळ रेंगाळू शकते. सातव्या महिन्यात इन्सुलिननंतर पाच तासांनी साखर ५८ आली. बंड्या नुसता जरा जास्त शांत होता, एवढेच. मीटर नसता तर मी त्याला पांघरूण घातले असते. हिरड्यांना मध लावला, खायला दिले, दर पंधरा मिनिटांनी मोजत राहिले. मात्रा दीड युनिटावर आणली गेली आणि तेव्हापासून इन्सुलिनच्या आधी मोजल्याशिवाय सुई लावायची नाही, असा घरचा नियम आहे.

खाण्याचा पेच यंत्राने सुटत नाही. मधुमेहाला प्रथिने जास्त आणि कर्बोदके कमी लागतात. मूत्रपिंडाच्या खास खाद्यात प्रथिने बेताची, फॉस्फरस कमी आणि बहुतेक वेळा कर्बोदके जास्त असतात. आमच्या डॉक्टरांनी या टप्प्यावर कमी कर्बोदकांचे ओले खाद्यच ठेवले, मात्र त्यातले कमी फॉस्फरसचे निवडले. रक्तातला फॉस्फरस ४.२ आहे आणि तो ४.६ च्या खाली राहावा हे उद्दिष्ट आहे. तिसऱ्या टप्प्यातल्या मांजरासाठी निर्णय निराळा होऊ शकेल, तेव्हा माझा डबा पाहून कोणी आपला डबा बदलू नये.

‘सुईपेक्षा तोंडाने द्यायचे औषध का नाही,’ असे मला वारंवार विचारले जाते. बेक्साग्लिफ्लोझिन या गोळीला अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये मान्यता मिळाली आणि वेलाग्लिफ्लोझिन हे पातळ औषध २०२३ मध्ये आले. दोन्ही साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. पूर्वी इन्सुलिन घेतलेल्या मांजरांना ती द्यायची नाहीत, कारण साखर फारशी न वाढताही कीटोन, म्हणजे चरबी जाळताना तयार होणारी आम्ले, वाढून जिवावर बेतू शकते. बंड्यासाठी तो रस्ता बंद आहे.

मीटरच्या उणिवा सांगायच्या तर पट्ट्यांची बाटली उघडल्यावर दमट हवेत ठेवून चालत नाही, पडद्यावर रात्री वाचण्याइतका उजेड नाही आणि जुन्या नोंदी संगणकावर घेण्याची सोय इतकी किचकट आहे की मी वहीच वापरते. वहीत साखर, मात्रा, वजन आणि पाणी असे चार रकाने आहेत. चौथा रकाना पहिल्या दिवसापासून आखला असता तर चार महिने वाचले असते.

एक गोष्ट अलीकडे कळली. मूत्रपिंडाच्या आजारात पुढे रक्त कमी होते, आणि रक्तातल्या पेशी घटल्या की असे मीटर साखर खऱ्यापेक्षा जास्त दाखवू लागतात. म्हणजे आकडा चढलेला पाहून मात्रा वाढवावी आणि तीच अंगाशी यावी, असा हा सापळा आहे. म्हणून दर तीन महिन्यांच्या तपासणीला मीटर बरोबर नेते आणि प्रयोगशाळेसाठी रक्त काढले जाते त्याच वेळी त्याचा एक थेंब पट्टीवर घेते. गेल्या खेपेस प्रयोगशाळेचा आकडा १७१ होता, मीटरचा १८३. त्याच्या आधीच्या खेपेस फरक पाचाचा होता. दोन्ही आकडे वहीत शेजारी-शेजारी लिहून ठेवले आहेत, पुढची तारीखही त्यांच्याखाली लिहिलेली आहे.