कॉपर-निकेलचे ब्रेक पाईप : एक पावसाळा काढल्यानंतर

मागच्या चाकांचा ब्रेक पाईप चाळीसगावातच फुटला. अजून थोडं पुढे गेलो असतो तर कन्नड घाटात फुटला असता. मास्टर सिलिंडरचे (पेडलचा दाब ब्रेक ऑइलला देणारा भाग) पुढचं-मागचं सर्किट वेगळं असल्यानं पुढचे ब्रेक धरत होते, म्हणून पिकअप कडेला घेता आली.

खाली वाकून पाहिलं तर पाईप नेमका चेसिसच्या क्लिपखाली खाल्लेला. बाकी धडधाकट. खान्देशात ना समुद्र ना बर्फ, उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर, मग एवढा गंज आला कुठून? हौद्यातून! केळीला पोटॅश लागतो. आपला लाल पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराईड, वजनानं जवळजवळ निम्मा क्लोरीनच. गोणी फाटली की दाणे फटींतून खाली, गाडी धुतली की खारं पाणी क्लिपमध्ये. थंड देशांत बर्फासाठी रस्त्यावर टाकलेलं मीठ पाईप खातं, तोच प्रकार.

कंपनीसारखा स्टीलचा पाईप सगळ्यात स्वस्त, पण लेप खरचटला की पुन्हा तेच रडगाणं. मला स्टेनलेस हवा होता. मिस्त्रीनं हात जोडले: तो कडक, साध्या हातटूलनं डबल फ्लेअर मारताना, म्हणजे जोडासाठी तोंड पसरवून दुहेरी दुमडताना, चिरतो. एका दुकानदारानं एसीची तांब्याची नळी पुढे केली, अर्ध्या पैशात! ती फुकट दिली तरी घेऊ नका. साधं तांबं थरथरीनं कडक होतं आणि तडकतं.

शेवटी ४.७५ मिमीचा कॉपर-निकेल मागवला. सुमारे ९० टक्के तांबं, १० टक्के निकेल, थोडं लोखंड. व्होल्वोच्या गाड्यांत हा १९७० च्या दशकापासून आहे. किंमत ऐकून घरात दोन दिवस माझ्याशी कोणी धड बोललं नाही. चोपड्याचा मिस्त्री पाईप हातात फिरवत म्हणाला, "भो, हाई तांबंच शे ना?" मग त्यानं तो हातानंच वळवला, फ्लेअर पहिल्या झटक्यात बसला, तेव्हा गप्प झाला.

पहिले काही आठवडे मला हा फारच मऊ वाटायचा. शेतातल्या दगडानं चेपेल अशी धास्ती. शिवाय युरियाची शंका: त्यातून अमोनिया सुटतो, आणि अमोनियानं पितळ, म्हणजे तांब्याचंच मिश्रण, तडकतं हे माहीत होतं. पावसाळाभर दोन्ही खतं वाहिली. आता पाईप काळपट पडलाय, बस्स. चेप नाही, पाझर नाही. अमोनियापुढे कॉपर-निकेल पितळेपेक्षा कितीतरी चिवट असतो. पैसे गेले ते सत्कारणी लागले, हे आता घरातही ऐकवतो.

पण क्लिपा! पाईप एवढा महागाचा आणि मिस्त्रीनं जुन्याच गंजक्या क्लिपा ठोकल्या. मऊ पाईप त्यांच्या धारेवर घासणार, आणि खाऱ्या पाण्यात तांब्याला टेकलेलं लोखंड आणखी लवकर सडणार. मी भांडून त्या काढायला लावल्या आणि रबरी अस्तराच्या बसवून घेतल्या. पाईप बदलणाऱ्यानं आधी क्लिपा विकत घ्याव्यात, मग पाईप. तुटलेला भाग कापून मध्ये कॉम्प्रेशन जोड (फ्लेअर न मारता नट आवळून बसवलेला) टाकतो म्हणणाऱ्याकडे तर गाडीच लावू नका.

पुढचे पाईप अजून कंपनीचेच आहेत. तेही बदलायचेत, केळीचा भाव बघून.