आयसीयूतले फिरते एक्स-रे यंत्र आणि त्याचा देखभाल करार : अडीच वर्षांनंतर

ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरील आमच्या छोट्या रुग्णालयात एक्स-रेची खोली तळमजल्यावर आहे आणि आठ खाटांचा आयसीयू तिसऱ्या मजल्यावर. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला लिफ्टने खाली आणणे धोक्याचे असल्यामुळे अडीच वर्षांपूर्वी व्यवस्थापनाने १०० एमए (मिलिअँपिअर) क्षमतेचे फिरते यंत्र, बिनतारी डिजिटल डिटेक्टर (फिल्मच्या जागी चित्र टिपणारी पाटी) आणि तीन वर्षांचा सुट्या भागांसह देखभाल करार, असे सारे एकाच पुरवठादाराकडून घेतले. मी तेथे एक्स-रे टेक्निशियन आहे आणि किरणसुरक्षेची नोंदवहीही मीच ठेवते. यंत्राचे व पुरवठादाराचे नाव मी देत नाही, कारण पुढे येणाऱ्या तक्रारी एका रुग्णालयाच्या आहेत. इतरांना त्याच यंत्राचा वेगळा अनुभव असू शकेल.

आधी चित्राविषयी लिहिते, कारण विक्रेता तेच दाखवतो. चित्र उत्तम येते, आणि माझी पहिली तक्रारही तीच आहे. फिल्मच्या काळात एक्सपोजर (चित्रासाठी सोडलेली किरणे) जास्त झाले की फिल्म काळीकुट्ट निघायची आणि चूक डार्करूममध्येच पकडली जायची. डिटेक्टरवर मात्र एक्सपोजर कमी पडले तर चित्र दाणेदार दिसते आणि जास्त पडले तर अधिकच सुबक दिसते, त्यामुळे डॉक्टर खूश, टेक्निशियन खूश, आणि जादा किरणे मुकाट्याने रुग्णाच्या अंगात जातात. आमच्याकडे मध्यम बांध्याच्या रुग्णाच्या छातीसाठी १०० सेंटिमीटरवरून ७५ केव्ही (किरणांचा जोर) आणि ३ एमएएस (किरणांचे प्रमाण) ठरले होते. पाच-सहा महिन्यांनी मी जुन्या नोंदी चाळल्या तेव्हा रात्रपाळीत सर्रास ५ एमएएस दिले जात असल्याचे दिसले. कोणाचा हेतू वाईट नव्हता, चित्र परत काढावे लागू नये एवढीच प्रत्येकाची काळजी होती. या यंत्राच्या बाजूने सांगायचे तर प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात एक्सपोजर इंडेक्सचा, म्हणजे डिटेक्टरवर किती किरणे पडली त्याचा, आकडा येतो, आणि तो पाहिला तर ही चोरी लगेच उघडी पडते. मात्र तो इतक्या बारीक अक्षरात येतो की पहाटे तीन वाजता तो कोणी वाचेल अशी अपेक्षा ठेवू नये. शेवटी मी केव्ही-एमएएसचा तक्ता लॅमिनेट करून कंट्रोल पॅनेलच्या शेजारी चिकटवला आणि आकडा नोंदवहीत लिहिण्याचा रकाना वाढवला. आता आकडे जागेवर आहेत.

दुसरी गोष्ट कोलिमेटरची, म्हणजे किरणांच्या झोताची चौकट आखणाऱ्या पेटीची, आणि ती सविस्तर सांगणे भाग आहे. गेल्या वर्षी पावसाळ्यात छातीच्या चित्रांत डाव्या बाजूचा खालचा कोन वारंवार कापला जाऊ लागला. सहकाऱ्यांनी त्यावर आपल्यापरीने उपाय काढला होता : किरणे कुठे पडतील ते दाखवणारी प्रकाशाची चौकट चार बोटे जास्त उघडायची. त्यामुळे कोन चित्रात येऊ लागला आणि तक्रार मिटली. पण चौकट मोठी केली म्हणजे रुग्णाचे पोटही किरणांच्या वाटेत येते, आणि सॉफ्टवेअर कडेचा भाग आपोआप काळ्या पट्टीखाली झाकत असल्यामुळे ते रेडिओलॉजिस्टच्या पडद्यावर दिसतही नाही.

मला संशय आला आणि एका रविवारी दुपारी यंत्र तळमजल्यावरच्या रिकाम्या खोलीत नेऊन मी जुनी नाण्यांची चाचणी केली. डिटेक्टर टेबलावर सपाट ठेवला, टेपने मोजून ट्यूब (किरणे निर्माण करणारी नळी) १०० सेंटिमीटरवर आणली, दिव्याची चौकट डिटेक्टरपेक्षा लहान केली आणि चौकटीच्या प्रत्येक बाजूला रुपयाची दोन नाणी एकमेकांना खेटून मांडली, एक रेषेच्या आत आणि एक बाहेर. नववे नाणे एका कोपऱ्यात दिशा कळावी म्हणून. चौकट बरोबर असेल तर आतली चार नाणी दिसतात आणि बाहेरची दिसत नाहीत. माझ्या चित्रात एका बाजूची दोन्ही नाणी स्वच्छ उमटली होती, आणि समोरच्या बाजूचे आतले नाणेसुद्धा पूर्ण गायब होते. मी वापरलेली रुपयाची नाणी सुमारे २२ मिलिमीटर रुंद होती, आणि प्रकाशाची चौकट व किरणांची चौकट यांच्यातला फरक ट्यूब ते डिटेक्टर अंतराच्या २ टक्के, म्हणजे येथे २ सेंटिमीटरच्या आत असावा लागतो. म्हणजे मर्यादा ओलांडली गेली होती, आणि ते कळायला लागली नऊ रुपयांची चिल्लर.

कारण नंतर कळले. कोलिमेटरच्या आत दिव्याचा प्रकाश वळवणारा आरसा असतो. त्याचा स्क्रू सैल झाला होता. आमच्या लिफ्टचा उंबरठा मजल्यापेक्षा बोटभर वर थांबतो आणि यंत्र दिवसातून चार-पाच वेळा त्यावरून धडधडत जाते, यापेक्षा वेगळे कारण शोधायची गरज नाही. आता ट्यूबचा हात पूर्ण खाली घेऊन, कुलूप लावून, दोघांनी मिळून यंत्र उंबरठ्यावरून उचलल्यासारखे न्यायचे असा नियम केला आहे, आणि नाण्यांची चाचणी दर महिन्याला होते.

देखभाल सेवेची खरी परीक्षा याच प्रसंगात झाली. तक्रार नोंदवल्यावर इंजिनिअर आठव्या दिवशी आला. तोवर चौकट नेमकी कोणत्या दिशेला किती सरकली आहे ते कोलिमेटरवर चिकटपट्टीने लिहून आम्ही काम चालवले. आल्या आल्या त्याने एक छाती काढून पाहिली आणि म्हणाला, “मॅडम, चित्र तर छान येतंय.” मी नाण्यांचे चित्र पुढे ठेवले. त्यानंतर मात्र त्याने काम मन लावून केले, आरसा बसवला, माझ्यासमोर पुन्हा चाचणी केली आणि जाण्यापूर्वी ट्यूबच्या टाकीखाली तेलाचा पाझर आहे का तेही टॉर्च लावून पाहिले. हे शेवटचे मी सांगितले नव्हते. अशा यंत्रात उच्च विद्युतदाबाचा भाग आणि ट्यूब एकाच तेलाच्या टाकीत बसवलेली असते, आणि तेल गळू लागले की आत ठिणगी पडण्याचा धोका असतो; जमिनीवर तेलाचा एक थेंब दिसला तरी यंत्र बंद ठेवावे. माणूस जाणकार होता. पण त्याच्या सेवा-अहवालात त्या दिवसापर्यंत दर तिमाहीला एकच वाक्य होते : ‘यंत्र तपासले, व्यवस्थित चालू आहे.’ काय मोजले, कशाने मोजले, किती आले, याचा एकही आकडा नव्हता. केवळ सही घेण्यासाठी भरलेल्या कागदाला मी देखभाल म्हणत नाही.

एक्सपोजरच्या स्विचची वायर हा माझा आवडता विषय आहे, असे सहकारी चेष्टेने म्हणतात. फिरत्या यंत्राला भिंत नसते, काचेची केबिन नसते. टेक्निशियनचे संरक्षण अंतर आणि शिशाचा ॲप्रन एवढेच. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांनुसार ही वायर किमान २ मीटर लागते, आणि त्याचे कारण साध्या गणितात आहे : अंतर दुप्पट केले की किरणांची तीव्रता चौथाईवर येते. रुग्णाच्या अंगावरून विखुरलेली किरणे एक मीटरवर मूळ झोताच्या साधारण हजाराव्या भागाइतकी उरतात, दोन मीटरवर त्याच्याही चौथाई. या यंत्राची वायर ताणल्यावर पुरेशी लांब होते, पण ती स्प्रिंगसारख्या वळणांची आहे आणि ताणून धरली की हाताला मागे खेचते. त्यामुळे माणूस नकळत पाऊल पुढे टाकतो, आणि कागदावरचे दोन मीटर प्रत्यक्षात दीड होतात. शिवाय दीड वर्षातच वायर स्विचच्या मुळाशी आतून तुटू लागली. स्विच दोन टप्प्यांचा असतो : अर्धा दाबला की ट्यूबमधले फिलामेंट (तार) तापते आणि ॲनोड (किरणे जिथून निघतात ती तबकडी) फिरू लागतो, पूर्ण दाबला की एक्सपोजर होते. वायर खराब झाल्यावर पहिला टप्पा लागे आणि दुसरा लागत नसे, म्हणून लोक पहिल्या टप्प्यावरच बोट दाबून वाट पाहात. फिलामेंट असे उगाच तापत ठेवले की ट्यूबचे आयुष्य झरझर कमी होते, आणि करारात सर्वांत महाग असलेली ट्यूबच सुट्या भागांतून वगळलेली आहे. बारीक अक्षरांतले हे कलम सहीच्या आधी वाचावे.

चाके आणि ब्रेक उत्तम आहेत. रॅम्पवर यंत्र एकदाही हातातून सुटलेले नाही, आणि एकटी सिस्टरसुद्धा ते वळवू शकते.

वीजजोडणीविषयी विक्रेत्याने ‘कुठल्याही प्लगवर चालते’ असे सांगितले होते. ते खरे नाही. लांब एक्स्टेंशन बोर्डवर एक्सपोजरच्या क्षणी व्होल्टेज पडते आणि यंत्र एरर दाखवून थांबते. आम्ही आयसीयूत प्रत्येक दोन खाटांमागे चांगल्या अर्थिंगचा १५ अँपिअरचा स्वतंत्र पॉईंट काढून घेतला तेव्हा हा त्रास संपला. वायर चाकाखाली येत नाही ना आणि प्लगची पिन तापत नाही ना, हे मावशींनाही शिकवले आहे. यंत्र दोन-तीन दिवस वापरले नसेल तर पहिलेच एक्सपोजर मोठे न देता, कोलिमेटर बंद ठेवून कमी केव्हीवर एक-दोन छोटी एक्सपोजर देऊन ट्यूब कोमट करावी. थंड ॲनोडवर एकदम भार टाकला तर त्याला तडा जाऊ शकतो. पुस्तिकेत हे लिहिलेले आहे. प्रात्यक्षिकात कोणी सांगितले नाही.

डिटेक्टर हलका आहे, आणि हलका असल्यामुळेच जपावा लागतो. त्यावर दर रुग्णाला नवी प्लास्टिक पिशवी चढवतो. रक्त किंवा लाळ शिवणीतून आत गेली तर दुरुस्ती नाही, बदलीच. जंतुनाशक थेट यंत्रावर फवारायचे नाही, प्लग काढून ओलसर फडक्याने पुसायचे. इथे पुरवठादाराचे कौतुक करायला हवे : कोणते द्रावण कोणत्या भागाला चालते याची एक पानी मराठी यादी त्यांनी मागताच करून दिली, आणि ती आजही यंत्राच्या खणात आहे.

माणसांच्या सवयी यंत्राबरोबर विकत मिळत नाहीत, तरी त्यांचा उल्लेख टाळता येत नाही. एक्सपोजरपूर्वी मोठ्याने ‘एक्स-रे!’ म्हणून सर्वांना मागे व्हायला सांगणे, झोत शेजारच्या खाटेकडे न वळवणे, रुग्णाला धरायची वेळ आली तर दर वेळी त्याच सिस्टरला न धरायला लावणे आणि गरोदर असलेल्या कोणालाही मुळीच न लावणे, धरणाऱ्याला किमान ०.२५ मिलिमीटर शिशाच्या तोडीचा ॲप्रन देणे, हे सारे आमच्याकडे आता अंगवळणी पडले आहे. यंत्रासोबत दोन ॲप्रन मिळाले, पण ते अडकवायला यंत्रावर हूक नाही, म्हणून पहिले काही महिने ते घडी घालून हँडलवर टाकले जात. घडीच्या जागी आतल्या शिशाच्या थराला भेगा पडतात आणि त्या बाहेरून दिसत नाहीत. एका ॲप्रनचे एक्स-रे चित्र काढले तेव्हा कमरेच्या रेषेत बारीक फट दिसली; तो बाद केला. नंतर आमच्या देखभाल विभागातील सुताराने जाड गोल दांड्याचा हँगर बसवून दिला. टीएलडी बॅज (कर्मचाऱ्याला मिळालेली किरणांची मात्रा मोजणारा बिल्ला) छातीपाशी, ॲप्रनच्या आत लावायचा असतो. तो ॲप्रनवरच टोचून ठेवला तर ॲप्रन टांगलेला असतानाचीही मात्रा तो मोजत राहतो आणि तिमाही अहवालात भलताच आकडा येतो. एकदा आलाही होता.

अणुऊर्जा नियामक मंडळाच्या ईलोरा या ऑनलाइन प्रणालीवरील परवान्यासाठी दर दोन वर्षांनी गुणवत्ता चाचणी लागते. सहा महिन्यांपूर्वीच्या चाचणीत केव्हीची अचूकता, वेळेची अचूकता, ट्यूबच्या आवरणातून एक मीटरवर होणारी गळती (मर्यादा तासाला १ मिलिग्रे इतकी किरणमात्रा) आणि कोलिमेटर, सारे मर्यादेत आले. कोलिमेटर मर्यादेत आला तो आरसा बसवल्यामुळे, हे मी विसरत नाही.

यंत्र मी पुन्हा घेईन; याच करारावर मात्र सही करणार नाही. मुदत सहा महिन्यांनी संपते, म्हणून नूतनीकरणासाठी पुरवठादाराला तीन अटी लिहून पाठवल्या आहेत : सुरक्षेशी संबंधित तक्रारीला ४८ तासांत इंजिनिअर, प्रत्येक भेटीच्या अहवालात मोजलेले आकडे, आणि मोजणाऱ्या मीटरच्या कॅलिब्रेशन (अचूकता-पडताळणी) प्रमाणपत्राची प्रत. पहिल्या दोन त्यांनी मान्य केल्या आहेत. तिसऱ्यावर उत्तर आलेले नाही.