वाचून घेणारं ॲप की वाचून दाखवणारं?

चौथीतलं पोर अजून 'कि' आणि 'की'त अडतंय, तर लगेच ॲप शोधायला जाऊ नका. बीड-परभणीकडे दिवाळीनंतर आईबापासोबत ऊसतोडीला गेलेलं मूल गुढीपाडव्याच्या सुमारास परततं. ते मागे पडतं शाळा बुडाल्यामुळं. जे रोज शाळेत येतं, तोंडी हिशोब झटक्यात करतं आणि पुस्तक उघडलं की गप्प होतं, त्याची गोष्ट वेगळी; तिथं डिस्लेक्सियाची, म्हणजे वाचन-लेखनातल्या अध्ययन अक्षमतेची शंका घ्यावी. हा फरक वाचनाची ही ॲप ओळखत नाहीत. त्यासाठी मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं तयार केलेली 'डाली' ही डिस्लेक्सियाची चाचणी मराठीतही आहे.

एवढं बघून झालं की मग निवड. माझ्या मते ती मुलाच्या इयत्तेवर ठरवावी.

दुसरी ते पाचवीसाठी वाचून घेणारं साधन हवं. गूगलचं रीड अलाँग २०१९ मध्ये 'बोलो' या नावानं आलं. मूल मोठ्यानं वाचतं, ॲप ऐकतं, आणि अडलेल्या शब्दाला बोट लावलं की तो उच्चारून दाखवतं. गोष्टी एकदा उतरवून घेतल्या की नेट लागत नाही. रेंज नसलेल्या तांड्यावर हाच गुण मोठा.

पण ते ऐकतं अख्खा शब्द. मुलाचा घोटाळा शब्दाच्या आत असतो. 'कि'ची वेलांटी आधी दिसते, उच्चार मात्र 'क'नंतर. 'वर्ग'मध्ये र आधी ऐकू येतो आणि रफार जाऊन बसतो ग च्या डोक्यावर. मूल नेमकं कुठल्या खुणेशी अडतंय, हे शेजारी बसून बाईंनी किंवा सरांनीच टिपायचं. दुसरं म्हणजे उच्चार. घरी 'पानी' म्हणणारं मूल 'पाणी' हा शब्द 'पानी' असाच वाचणार. त्याला अक्षर कळलेलं असतं, ती बोली आहे. घरात गोरमाटी (बंजारा समाजाची बोली) बोलणाऱ्या मुलाचं तर असं जास्तच होणार. म्हणून ॲप बक्षीस म्हणून देतं त्या चांदण्यांवरून प्रगती मोजू नये.

आठवी-नववीची गोष्ट उलटी. तिथं वाचनाच्या सरावात इतिहास-विज्ञान बुडतं, म्हणून वाचून दाखवणारं साधन द्या. मायक्रोसॉफ्ट एज ब्राउझरमध्ये आरोही आणि मनोहर असे दोन मराठी आवाज आहेत, बऱ्यापैकी नैसर्गिक. त्यातलं इमर्सिव्ह रीडर अक्षरं मोठी व सुटी करतं आणि एका वेळी १, ३ किंवा ५ ओळीच उजेडात ठेवतं. ओळ हरवणाऱ्या मुलाला याचा फार उपयोग. या आवाजांना नेट लागतं. नसेल तर अँड्रॉइडच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमधलं सिलेक्ट टू स्पीक आहे, आवाज जरा कोरडा. जुन्या फॉन्टमधली पीडीएफ दिली तर दोन्ही भलतंच काही बडबडतात, तेव्हा धडा आधी स्वतः ऐकून बघा.

हेच साधन तिसरीतल्या मुलाच्या हाती दिलं तर ते गोष्ट ऐकेल, खूश होईल आणि अक्षराकडं ढुंकूनही बघणार नाही.

राहिले चॅटजीपीटी, जेमिनाय. ते शिक्षकासाठी, मुलासाठी नव्हेत. 'जोडाक्षर नसलेली दहा वाक्यं, विषय बैलपोळा' असं सांगितलं की मजकूर लगेच मिळतो. त्यात एखादा 'प्रत्येक' हमखास घुसतो, तो खोडायचा. मुलाचं नाव, आजार, शाळा यातलं काही तिथं टाकू नका.

यातल्या कशाचाही गुणफलक बोर्डाच्या परीक्षेला चालत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, पण वाढीव वेळ किंवा लेखनिक हवा तर त्या अक्षमतेचं प्रमाणपत्रच लागतं. ती खटपट आठवीतच सुरू करा. दहावीच्या जानेवारीत हेलपाटे मारून हाती काही लागत नाही.