ईशापूरची .315 रायफल: उन्हाळा, पावसाळा आणि थंडी पाहिल्यानंतर

वडिलांची ईशापूरच्या (बंगालमधल्या सरकारी रायफल कारखान्याच्या) बनावटीची .315 परवान्यासकट माझ्या नावावर झाली, तेव्हापासून ती नियमित रेंजवर नेतोय. आता तिन्ही ऋतू पाहून झाले, म्हणून सविस्तर लिहितो. नाशिक-निफाड पट्ट्यात वारशाने आलेल्या अशा रायफली पुष्कळ आहेत आणि ग्रुप (एकाच नेमावर मारलेल्या गोळ्यांचा पुंजका) जरा पसरला की ‘नळी गेली’ म्हणून लोक मोकळे होतात. माझं ठाम मत आहे की नळीवर संशय सगळ्यात शेवटी घ्यावा. आधी लाकूड बघा.

हिची अ‍ॅक्शन (गोळी भरून झाडणारी यंत्रणा) 1907 साली ब्रिटिश फौजेने स्वीकारलेल्या शॉर्ट ली-एनफिल्ड मार्क 3 चीच. .303 (त्या लष्करी रायफलीचं माप) आपल्याकडे प्रतिबंधित बोअर, म्हणून नागरी परवान्यासाठी 8 मिमी मान्लिखर घराण्यातलं .315 काडतूस आलं. त्यामुळे जुन्या लष्करी रायफलीचे गुणदोष हिच्यात जसेच्या तसे उतरलेत.

एप्रिल-मेमध्ये माझा ग्रुप फुटायचा. दोन गोळ्या जवळजवळ, तिसरी भलतीकडेच. देवळाली कॅम्पातले एक निवृत्त आर्मोरर (फौजेतली शस्त्रं दुरुस्त करणारे) हवालदार शेजारी राहतात. त्यांनी नळीत डोकावूनही पाहिलं नाही. ट्रिगर गार्डच्या पुढच्या स्क्रूवर बोट ठेवून म्हणाले, “हा आवळलेला वाटतोय ना? पण लाकूड ढिलं आहे.” या स्क्रूभोवती लोखंडी कॉलर असते. उन्हाळ्यात लाकूड सुकून कॉलरपेक्षा बारीक झालं की स्क्रू कॉलरवरच घट्ट बसतो आणि पुढचा दस्ता (नळीखालचं लाकूड) मात्र किंचित हलत राहतो. बोटाने दाबून पाहिलं, तर खरंच हलत होता! परवानाधारक बंदूक कारागिराकडून कॉलर अगदी थोडी घासून घेतली. त्यानेच दस्त्याच्या मागच्या टोकाचे दोन खांदे दाखवले. धक्का तिथे बसतो. वर्षानुवर्षं तेल मुरून तिथलं लाकूड मऊ पडलं होतं, तिथे नवे कडक लाकडाचे तुकडे बसवले. त्यानंतर ग्रुप फुटणं थांबलं. नळी तीच, राउंडही तेच.

पावसाळ्यात वेगळाच त्रास. ली-एनफिल्डच्या बोल्टचे (चेंबर, म्हणजे काडतूस बसण्याची जागा, बंद करणाऱ्या दांड्याचे) लॉकिंग लग, म्हणजे त्याला अडकवून धरणारे कान, मागच्या बाजूला असतात, त्यामुळे बार होताना बोल्ट आणि बॉडी किंचित लवते. काडतूस किंवा चेंबर ओलं, तेलकट असेल तर केस (काडतुसाची पितळी नळी) चेंबरला धरत नाही, बोल्टवर ताण वाढतो आणि गोळ्या उभ्या रेषेत पसरतात. म्हणून राउंड कोरड्या डब्यात ठेवा आणि चेंबर कोरड्या चिंदीने पुसूनच सुरुवात करा. गंमत म्हणजे हीच लवचीकता लांब पल्ल्यावर फायद्याची ठरते. मंद गोळी निघताना नळीचं तोंड किंचित वर गेलेलं असतं, त्यामुळे वेगातला फरक बराचसा भरून निघतो. 800 यार्डांच्या पुढे या रायफलीचं नाव होतं ते त्यामुळेच.

थंडीत फार काही सांगण्यासारखं नाही. झिरो (नेम आणि गोळी एकाच जागी पडण्यासाठी लावलेली साइट) थोडा सरकतो, पुन्हा तपासून घ्यावा.

साफसफाईबद्दल मात्र कळकळीने सांगतो. जुन्या लष्करी .303 राउंडच्या कॅपमध्ये (बुडातल्या ठिणगी देणाऱ्या टोपीत) पोटॅशियम क्लोरेट असायचं. त्याचा क्षार नळीत उरतो, हवेतली ओल ओढतो आणि गंज धरतो. तो तेलाने जात नाही, पाण्याने विरघळतो. माझ्याकडचे राउंड जुन्या लॉटचे, म्हणून मी आधी कढत पाणी, मग कोरडी चिंदी, शेवटी तेल असाच क्रम ठेवलाय. दुसरं, पुलथ्रूची (नळीतून चिंदी ओढायच्या साधनाची) दोरी तिरकी ओढू नका. नळीच्या तोंडाची कड एका बाजूने घासली, तर गोळी सुटताना मागचा वायू असमान फुटतो आणि उत्तम नळीसुद्धा वाकडी मारते. मी आता रॉड वापरतो, तोही चेंबरच्या बाजूने.

रेस्टवर ठेवताना नळी टेकवू नका, दस्ता टेकवा. नळी टेकली की गोळी लागण्याची जागा लगेच बदलते. नळी तापली की थांबा. राउंड इतके महाग आणि दुर्मीळ आहेत, की घाईने फोडणं परवडतच नाही.

तक्रारी दोन. ट्रिगर जड आहे आणि कारागिरानेही तो सुरक्षेसाठी तसाच ठेवायला सांगितला. शिवाय एका लॉटचा झिरो दुसऱ्या लॉटला लागू पडत नाही, म्हणून मी प्रत्येक डब्यावर लॉट नंबर आणि साइटची जागा लिहून ठेवतो.