चौकोनी पाइप घेताय? बिलातलं वजन तपासा, आम्हाला २०० किलोला फसवलं

बेदाणा शेड, गोठा, पत्र्याचं शेड, काहीही करणार असाल तर हे वाचा. आमचं शेड तासगाव तालुक्यात. खांबांसाठी ५० बाय ५० एमएमचा, २ एमएम जाडीचा लोखंडी पाइप ठरला, ६ मीटरच्या ६० लेंथ (नग), दर किलोवर. दुकानदारानं एका लेंथला १८.१ किलो लावलं, म्हणाला थिअरॉटिकल वजन आहे, म्हणजे काट्यावर न टाकता चार्टप्रमाणे धरलेलं. चार्ट बरोबरच होता, माल दुसराच दिला.

वेल्डरनं काम सुरू केलं तर सारखी भोकं पडायला लागली, करंट कमी केला तरी पाइप जळतोय, तो म्हणाला दादा हा २ एमएम नाहीच, १६ गेज आहे, म्हणजे १.६ एमएम. व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) लावला तर तोंडाला १.९ दाखवतोय! मग त्यानं कापलेल्या कडेची बर (कापताना कडेवर उरलेली धातूची खरखरीत धार) कानशीनं घासून काढली अन् परत मोजलं, १.६. हे ध्यानात ठेवा, कडेवर बर असली की जाडी जास्त दिसते.

हिशोब सोपा आहे. दोन्ही बाजू एमएममध्ये मिळवा, त्यातून जाडीची दुप्पट वजा करा, उरलेल्याला जाडीनं आणि मग ०.०१५७ नं गुणा, एका मीटरचं वजन किलोत येतं. २ एमएमला ९६ गुणिले २ गुणिले ०.०१५७ म्हणजे ३.०१, ६ मीटरला १८.१. तेच १.६ ला १४.६ येतं, आणि कोपरे गोल असतात म्हणून काट्यावर अजून जरा कमी. गोल पाइपला बाहेरच्या व्यासातून जाडी वजा करून जाडीनं आणि ०.०२४६६ नं गुणायचं.

आम्ही १० लेंथ वजनकाट्यावर टाकल्या, १४४ किलो भरल्या, बिलात त्यांचे १८१. थोडाफार फरक कंपनीच्या मालातही असतो हो, पण २० टक्के?

दुकानदार म्हणतो सगळीकडं असंच चालतं. का चालावं? पैसे गेले ते गेलेच, पण ओल्या द्राक्षांनी भरलेले रॅक, वर पत्रा, त्यात वळवाचं वारं, हे सगळं त्या पातळ खांबांवर येणार, खाली बायामाणसं कामाला असतात. भांडून उरलेला माल बदलून घेतला, उभे केलेले खांब आम्हीच आडवे-तिरके सपोर्ट मारून पक्के केले. वैधमापन विभागाकडं (वजनमापं तपासणारं सरकारी खातं) लेखी तक्रार दिलीय, बिल आणि काट्याची पावती जोडून. तुम्हीही बिलावर जाडी एमएममध्ये लिहून घ्या अन् गाडी काट्यावरूनच आणा, काटा नको म्हणणाऱ्याकडून माल घेऊच नका.