डॉटएन्व्ह : काम चोख, पण चुकलं तर मूग गिळून गप्प

नोडमध्ये (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं सॉफ्टवेअर) पासवर्ड आणि सेटिंग कोडबाहेर, एन्व्ह फाइलीत ठेवायचे म्हटलं की पणजी-पर्वरीकडच्या लहान टीमा आजही डोळे झाकून डॉटएन्व्ह बसवतात. त्या फाइलीतल्या किंमती (व्हॅल्यू) वाचून अ‍ॅपच्या व्हेरिएबलांत भरणारं हे पॅकेज हलकं, फुकट, दोन मिनिटांत चालू. खोड एकच, पण मोठी: एन्व्ह फाइल सापडली नाही तरी ते अ‍ॅप थांबवत नाही. व्हेरिएबल ‘अनडिफाइंड’ राहतं आणि ओरडतो तो डेटाबेस.

सगळ्यात जास्त छळतो फोल्डर. डॉटएन्व्ह फाइल कोडशेजारी शोधत नाही. प्रोसेस जिथून सुरू झाली तिथे शोधतं. म्हापशातल्या एखाद्या ऑफिसच्या कोपऱ्यातला सर्व्हर घ्या. टर्मिनलमधून हाताने सुरू केला तेव्हा सगळं ठीक. जूनमध्ये वीज जाते, येते, मशीन आपोआप उठतं, सिस्टिमडी (लिनक्समध्ये सर्व्हिस सुरू करणारा प्रोग्रॅम) अ‍ॅप चालू करतं आणि होमस्टेचं बुकिंग ठप्प! कारण सिस्टिमडी सर्व्हिस मुळात ‘/’ या फोल्डरमधून सुरू होते. सर्व्हिसच्या सेटिंगच्या फाइलीत (युनिट फाइल) ‘वर्किंगडिरेक्टरी’ची ओळ घाला, नाहीतर डॉटएन्व्हच्या ‘कॉन्फिग’ फंक्शनला एन्व्ह फाइलीचा पूर्ण पाथ द्या. या वेळी तरी वीज खात्याला शिव्या नकोत.

दुसरी गोची इम्पोर्टची. ईएस मॉड्यूलमध्ये (‘इम्पोर्ट’ लिहून फाइली जोडायची जावास्क्रिप्टची पद्धत) सगळे इम्पोर्ट आधी चालतात, मग खालचा कोड. म्हणजे ‘डॉटएन्व्ह.कॉन्फिग()’ची पाळी येईपर्यंत डेटाबेसची फाइल रिकामं व्हेरिएबल वाचून मोकळी झालेली असते. ‘डॉटएन्व्ह/कॉन्फिग’ हाच पहिल्या ओळीतला इम्पोर्ट हवा.

व्हेरिएबलची किंमत अर्धवट येत असेल तर ‘#’ बघा. ‘गोवा#१९६१’ (असले पासवर्ड ठेवूच नयेत) अवतरणाशिवाय लिहिला की ‘#’पासून पुढचं सगळं कॉमेंट ठरतं. लॉगमध्ये पासवर्ड छापू नका, लांबी छापा: रोमन लिपीत ८ यायला हवी तिथे ३ आली की चोर सापडला. किंमत जुनीच येत असेल तर ती शेलमध्ये किंवा पीएम२मध्ये (नोडची अ‍ॅप चालू ठेवणारा प्रोग्रॅम) आधीपासून बसलेली आहे. आधीच असलेल्या व्हेरिएबलला डॉटएन्व्ह हात लावत नाही. ‘कॉन्फिग’मध्ये ‘ओव्हरराइड’ चालू करा. पीएम२ असेल तर रीस्टार्ट ‘--अपडेट-एन्व्ह’सह.

नोड २०.६पासून ‘--एन्व्ह-फाइल’ ही सोय नोडमध्येच आली आहे आणि नव्या कामाला तीच बरी. फाइल नसेल तर नोड तिथल्या तिथे एरर देऊन थांबतो, आणि कोडच्या आधीच किंमती भरल्यामुळे इम्पोर्टचा घोळ उरत नाही. फोल्डरचा नियम मात्र इथेही तोच. आधीची किंमत इथेही टिकते, आणि ती बदलायला ‘ओव्हरराइड’सारखी सोय नाही.

प्रोजेक्ट नोड १८वर अडकला असेल तर डॉटएन्व्हच ठेवा; फक्त ‘कॉन्फिग’ने परत दिलेल्या ऑब्जेक्टमधला ‘एरर’ तपासा आणि तो असेल तर अ‍ॅप स्वतःहून बंद करा.